शाळा अडीच वाजता सुटेल

गुरुवारी सकाळी सव्वाअकराला नवं पत्रक करायचं म्हणून तिनं मागच्या आठवड्याचं उघडलं आणि चौथ्या ओळीवर तिचा हात थांबला. 'बुधवारी गाणी-गोष्टींच्या मेळाव्यानंतर शाळा अडीच वाजता सुटेल.' तिनं ओळ पुन्हा वाचली. ओठ हलवून वाचली. बुधवार म्हणजे काल. काल शाळा बारा वाजता सुटली होती. बारालाच सुटायची होती. शिक्षकांना माहीत होतं, वर्गावर्गांत तोंडी सांगून झालं होतं, मोठ्या सरांनी लिहून दिलेली चिठ्ठी अजून तिच्या खणात होती: 'मेळावा नऊ ते बारा, लगेच सुट्टी.' गेल्या वर्षी मेळावा दुपारी होता, तेव्हा अडीच. आणि मेळाव्याचं पत्रक ती आदल्या वर्षीच्या पत्रकावरच बसवायची. तारीख बदलायची, पाहुण्यांचं नाव बदलायचं, कुठल्या घरचे लोक कुठलं गाणं म्हणणार ती यादी बदलायची, बाकी तसंच. तारीख बदलली होती. पाहुणे बदलले होते. अडीच तसेच राहिले होते. तिनं वर पाहिलं. खिडकीच्या काचेपलीकडे कोणी नव्हतं. पंखा फिरत होता, प्रिंटरचा हिरवा दिवा लागलेला होता, आवक-जावकच्या रजिस्टरवर तिचा चष्म्याचा डबा पडला होता. सगळं सव्वाअकराला असतं तसंच.

काल काय झालं ते तिनं सकाळपासून चार जणांच्या तोंडून ऐकलं होतं आणि चारही वेळा 'अरे देवा' म्हटलं होतं. तिसरीतली एक मुलगी शाळेत राहून गेली. मेळावा संपला, आईवडील आपापल्या मुलांना घेऊन गेले, कुणाच्या डोक्यावर कागदी मुकुट, कुणाच्या गळ्यात ढोलकी, नुसती झुंबड. आणि ती मुलगी सभागृहामागच्या पायऱ्यांवर बसून राहिली. वर्गशिक्षिकेला वाटलं, गर्दीत तिचे आजोबा असतीलच. गेटकाकांना वाटलं, मैदान मोकळं झालं. एक वाजता त्यांनी कुलूप घातलं आणि ते जेवायला घरी गेले. अडीच वाजता आजोबा आले. त्या दिवशी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं होतं म्हणून मेळाव्याला येता आलं नव्हतं. त्यांनी हाका मारल्या, तशी मुलगी आतून धावत आली. मग तासभर दोघं गेटाच्या दोन बाजूंना. आजोबांनी गजांतून हात घालून तिची बोटं धरून ठेवली होती म्हणे. रस्त्यावरच्या कुणीतरी फोन केला, किल्ली येईपर्यंत साडेतीन झाले. काही झालं नाही. हे प्रत्येकानं शेवटी म्हटलं होतं, काही झालं नाही, नशीब. आणि प्रत्येकानं हेही म्हटलं होतं की गेटकाकांनी मैदान बघायला नको का, आणि म्हाताऱ्यालाही वेळेचं भान नाही, बारा कुठे, अडीच कुठे. तिनंही म्हटलं होतं. चहाचा कप हातात धरून ती म्हणाली होती, 'वय झालं की होतं असं.'

पत्रक कुणी वाचत नाही, हे तिला बावीस वर्षांत पक्कं कळलेलं होतं. शाळेत तिला सगळे पत्रकबाई म्हणत. शिक्षक म्हणत, शिपाई म्हणत, मुलं तर तिच्यासमोर म्हणत. दर शुक्रवारी एक पान, दोन्ही बाजूंनी. वरती खबरबात, मग अभिनंदन, मग सूचना, शेवटी हरवलं-सापडलं. 'एक निळा डबा, झाकण नाही.' 'एक डाव्या पायाचा बूट.' सूचनांमध्ये गेली अकरा वर्षं न चुकता होतं की गाड्या गेटासमोर उभ्या करू नयेत. आणि पालक गेटासमोरच गाडी लावून, तेच पत्रक घडी करून काच पुसायचे. एकदा तिनं मुद्दाम शेवटी लिहिलं होतं, इथपर्यंत वाचणाऱ्यानं ऑफिसात येऊन एक पेन्सिल घेऊन जावी. पेन्सिलींचं खोकं तिनं खिडकीत ठेवलं. आठवडाभरानं उचलून कपाटात टाकलं. नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो इतका हसला की त्याला ठसका लागला. तीही हसली होती. त्यानंतर तिची भाषा थोडी सैल झाली असावी. म्हणजे चुका नव्हेत, पण ज्या खोलीत कुणी येत नाही ती खोली माणूस जशी झाडतो, तशी. कोपरे सोडून.

तिनं दरवाजाकडे पाहिलं आणि 'अडीच' पुसून 'बारा' लिहिलं. जतन केलं. दोन सेकंदांचं काम. शाळेच्या संकेतस्थळावरचं जुनं पत्रक काढून हे चढवलं. मग उठून, साडी सारखी करून, बाहेरच्या फलकापाशी गेली. काचेच्या आत मागच्या शुक्रवारचं पान चार टाचण्यांनी लावलेलं होतं. तिच्याकडे किल्ली होती, तिलाच ते लावायचं आणि काढायचं असे. तिनं ते काढलं, चार घड्या केल्या आणि पर्समध्ये ठेवलं. पहिलीच्या वर्गातून पाढे ऐकू येत होते. आपण चोरी करतोय असं तिला वाटलं नाही. वाटायला हवं होतं हे मात्र वाटलं. परत येऊन ती खुर्चीवर बसली. घरोघरी गेलेले कागद? ते कधीच रद्दीत गेले असणार.

दुपारी मोठ्या सरांनी बोलावलं. सर वाईट माणूस नव्हते. थकलेले होते, निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं आणि त्यांना कुठल्याही गोष्टीचा शेवट लवकर हवा असे. टेबलावर एक पत्र होतं, सहीविना. 'गेटवाल्याला सोमवारपासून नको सांगतोय,' ते म्हणाले. 'पालक संघाचे फोन येतायत. या पत्रकात एक ओळ घाला बाई. सुरक्षेच्या दृष्टीनं गेटावर नवीन कर्मचारी नेमण्यात येत आहे. एवढंच. नाव-बीव नको.' ती म्हणाली, 'चौदा वर्षं झाली त्यांना.' सर म्हणाले, 'म्हणूनच निष्काळजी झाला. सवय झाली की माणूस बघायचं सोडतो.' ती उभीच राहिली. 'अजून काही?' सरांनी विचारलं. 'नाही सर,' ती म्हणाली.

खिडकीशी परत आली तर काचेपलीकडे एक म्हातारे उभे होते. उंच, सदऱ्याची वरची गुंडी लावलेली, एका डोळ्यावर पांढरी पट्टी. टोपी हातात. त्यांनी ओळख सांगायच्या आधीच तिला कळलं.

'बाई, माफी मागायला आलो होतो,' ते म्हणाले. 'मोठ्या सरांची भेट होईल का? नसेल तर तुम्हीच सांगा. माझ्यामुळे त्या गेटवाल्यांना बोल लागला म्हणतात.'

'तुमच्यामुळे कसं?' तिच्या तोंडून निघालं.

'वेळ चुकली माझी. म्हणजे...' त्यांनी टोपी दुसऱ्या हातात घेतली. 'मला बारीक अक्षर दिसत नाही आता. नातच वाचून दाखवते तुमचा कागद. दर शुक्रवारी. जेवायच्या आधी, पहिल्यापासून शेवटपर्यंत. डाव्या पायाचा बूट सापडला तेव्हा आम्ही दोघं किती हसलो. उजवा बूट घालून तो पोरगा घरी कसा गेला असेल, म्हणाली.' ते किंचित हसले आणि लगेच थांबले. 'तिनं अडीच वाचलं. मी म्हटलं, नीट वाच. ती म्हणाली, अडीचच आहे. आता शाळा म्हणते बारा. काल घरी गेल्यावर मी फार रागावलो तिला. अक्षरं खातेस, म्हटलं, घाई करतेस, म्हटलं. तिची आई हॉस्पिटलात कपडे धुण्याच्या खात्यात असते, ती आल्यावर तीही बोलली. पोर एवढंच म्हणत होती, अडीचच होतं. कागद शोधला, पण त्यात मी भाजीचा कचरा गुंडाळून टाकला होता. आज सकाळी म्हटलं, हे औषधाच्या बाटलीवरचं वाचून दे, तर म्हणाली, आजोबा, मी नाही वाचत, माझं चुकतं.'

काचेत बोलण्यासाठी जे गोल भोक होतं त्यातून त्यांचा आवाज येत होता. तिला त्या भोकाचा खरबरीत काठ फार स्पष्ट दिसत होता. पर्स खुर्चीच्या पाठीला टांगलेली होती. ती म्हणाली, 'मी सरांना सांगते, आजोबा.' काय सांगणार ते तिनं सांगितलं नाही. ते 'आभारी आहे' म्हणाले आणि मान झुकवून गेले, आणि जाताना पायरी दिसली नाही म्हणून थोडे धडपडले. ती उठेपर्यंत ते सावरलेही होते.

संध्याकाळी घरी भाजी चिरताना तिचं बोट कापलं. नवऱ्यानं विचारलं, काय झालंय तुला? ती म्हणाली, काही नाही. नळाखाली बोट धरून ती पाणी गुलाबी होताना बघत राहिली आणि तिला तिचा मुलगा आठवला. त्याच शाळेत होता तो. शाळा सुटल्यावर ऑफिसातल्या लाकडी बाकावर बसायचा, दप्तर मांडीवर घेऊन, कारण तिचं काम संपलेलं नसायचं. गुरुवारी तर कधीच नाही. पाचच मिनिटं हं, ती म्हणायची, आणि पाच मिनिटांनी पुन्हा पाचच मिनिटं. तो कधी कुरकुरला नाही. पाय हलवत बसायचा, जमिनीला टेकत नसत तेव्हा. मग टेकायला लागले. मग एका वर्षी तो बाकावर बसायचाच बंद झाला, मित्रांबरोबर परस्पर घरी जायला लागला, आणि नेमकं कधी ते तिच्या लक्षातच आलं नाही. आता तो दुसऱ्या शहरात होता, रविवारी फोन करायचा, सगळं ठीक आहे म्हणायचा. किती तास झाले असतील त्या बाकावर? तिनं कधी हिशेब केला नव्हता आणि आता करावासा वाटला तर धैर्य नव्हतं. बोटाला चिंधी गुंडाळून तिनं त्याला फोन लावला. रविवार नव्हता म्हणून तो घाबरला.

'आई? बाबा बरे आहेत ना?'

'बरे आहेत रे. मला एक सांग. तू शाळेत असताना माझी वाट बघत त्या बाकावर बसायचास ना, तेव्हा काय वाटायचं तुला?'

'कुठला बाक?' मग त्याला आठवलं. 'हां, तो. काय वाटणार? कंटाळा यायचा.'

'भीती नाही वाटायची? आई येतच नाही म्हणून?'

'येत नाही म्हणजे? तू समोरच बसलेली असायचीस की. मी वाट कुठे बघत होतो, मी तुला बघत होतो.' तो हसला. 'तू टाइप करताना जीभ बाहेर काढायचीस. काय झालंय आई?'

काही नाही, ती म्हणाली. फोन ठेवल्यावर तिला बरं वाटायला हवं होतं. क्षणभर वाटलंही. मग तिला सभागृहामागच्या पायऱ्या दिसल्या. त्या पोरीच्या समोर कोण होतं? रिकामी टाकी, बंद खिडक्या, उडत आलेले रंगीत कागद. बारा, साडेबारा, एक. आणि सूचनांमधली दुसरी ओळ, तीही तिचीच: 'न्यायला कोणी आले नसल्यास मुलांनी गेटाबाहेर जाऊ नये, आतच थांबावे.' पोर थांबली होती. शब्दाला शब्द पाळून थांबली होती. नवऱ्यानं वाढून घेतलं, तिच्यासाठीही वाढलं. ती जेवली. काय जेवली ते तिला सांगता आलं नसतं.

शुक्रवारी सकाळी ती सरांच्या आधी येऊन त्यांच्या दाराशी उभी राहिली. सर कुलूप काढत असतानाच तिनं पर्समधला कागद उलगडून त्यांच्यासमोर धरला. त्यांनी चष्मा शोधला, वाचलं, एकदा तिच्याकडे पाहिलं, पुन्हा वाचलं.

'संकेतस्थळावर तर बारा आहे,' ते म्हणाले. 'मी काल बघितलं.'

'मी काल बदललं. फलकावरचं काढून घेतलं. हे ते.'

सर खुर्चीत बसले. कागदाच्या घड्यांवरून अंगठा फिरवत राहिले. मग म्हणाले, 'बाई, कशाला आणलंत हे? कुणी विचारलं होतं का तुम्हाला? संपत आलं होतं.'

'त्या मुलीनं बरोबर वाचलं होतं, सर.'

'मी आजोबांना बोलावून खासगीत सांगतो. पत्रकात कशाला? सगळ्या गावाला कळेल की शाळाच चुकली.'

'सगळे वाचत नाहीत,' ती म्हणाली, आणि हे म्हणताना तिला आश्चर्य वाटलं की आवाज कापत नाहीये. 'पण तिला कागदावरच दिसायला हवं. तिनं कागदावर वाचलं होतं. आणि गेटकाकांचं पत्र जाणार असेल, तर माझंही काढा.'

'धमकी देताय?'

'नाही सर. मला रात्रभर झोप नाही. धमकी द्यायचं त्राण कुठलं?'

सरांनी खिडकीबाहेर पाहिलं. गेटापाशी गेटकाका रोजच्यासारखेच एका हातानं सायकली थोपवत आणि दुसऱ्यानं मुलांना आत घेत होते; फक्त त्यांनी आज मान वर केलेली नव्हती. 'मेमो द्यावा लागेल तुम्हाला,' सर म्हणाले. 'चुकीबद्दल नाही. बदललंत त्याबद्दल.' ती म्हणाली, द्या. त्यांनी सहीविना पडलेलं पत्र उचललं, पण फाडलं नाही, खणात ठेवलं. तिला तेवढ्यावरच बाहेर यावं लागलं.

त्या शुक्रवारच्या पत्रकात खबरबातीच्याही वर, ठळक अक्षरांत, चार ओळी होत्या. 'मागील पत्रकात बुधवारी शाळा सुटण्याची वेळ अडीच अशी छापली होती. प्रत्यक्षात शाळा बारा वाजता सुटली. पत्रक मी तयार करते, ही चूक माझी आहे. ज्यांनी अडीच वाचलं, त्यांनी बरोबर वाचलं.' खाली तिनं सही केली; नाव नाही, पत्रकबाई. शेवटचं वाक्य तिनं अकरा वेळा वाचून पाहिलं. मग प्रिंटरनं चारशे वीस प्रती काढल्या आणि त्या गरम गठ्ठ्यावर हात ठेवून ती उभी राहिली, आणि तिला एकदम इतकी भीती वाटली की तो गठ्ठा उचलून कुठेतरी पळून जावंसं वाटलं. बावीस वर्षांत प्रथमच तिला वाटत होतं की हे कुणीतरी वाचेल.

सोमवारी कुणी काही बोललं नाही. दोन शिक्षिका तिला पाहून बोलता बोलता थांबल्या, एवढंच. पालक संघाचा एक फोन आला, तो गाड्या उभ्या करण्याबद्दल होता. गेटकाका गेटावरच होते. ती आत शिरताना त्यांनी तिला अडवलं.

'वाचलं बाई. लेकीनं वाचून दाखवलं,' ते म्हणाले. त्यांच्या आवाजात माया नव्हती. 'दोन दिवस घरात तोंड वर करायची सोय नव्हती मला. गुरुवारी सांगितलं असतंत तर एक दिवस कमी झाला असता.'

'हो,' ती म्हणाली.

'मैदान मी बघायला हवं होतं, ते खरंच आहे,' ते म्हणाले. 'ते तुमच्या कागदानं पुसलं जात नाही. मी रोज बघायचो आधी. मागे जायचो, टाकीपाशी, सगळीकडे. मग कधीतरी बंद झालं. कधी ते सांगता यायचं नाही.' आणि एका सायकलवाल्याला ओरडले, 'उतर, उतर खाली!'

दुपारी शाळा सुटल्यावर ती मुलगी खिडकीशी आली. टाचा उंचावून तिनं हनुवटी काचेच्या खालच्या लाकडावर टेकवली. आजोबा मागे भिंतीशी उभे होते; पट्टी गेली होती, डोळा लाल होता. त्यांनी मान हलवली. पत्रकबाईनंही मान हलवली.

'आजोबांनी विचारायला सांगितलंय,' मुलगी म्हणाली, 'नवा चष्मा कुठल्या दुकानात मिळतो ते तुम्ही छापता का?'

'नाही गं. पण विचारून सांगते.' मग तिला राहवलं नाही. 'तुला वर्गात बाईंनी सांगितलं होतं ना, बारा वाजता सुटणार म्हणून?'

'हो.'

'आणि सगळी मुलं जाताना दिसली तुला?'

'हो. माझी मैत्रीण म्हणाली, चल. पण कागदावर अडीच होतं.' मुलीनं क्षणभर विचार केला. 'मला वाटलं, बाकीचे सगळे चुकले. ते परत येतील.'

'मग?'

'मग कुणी आलं नाही.' तिनं हनुवटी उचलली. लाकडावर हनुवटीचा ओलसर डाग राहिला. 'आजोबांना मी वाचून दाखवलं, तुमचं, ते वरचं. दोनदा. त्यांनी शेवटची ओळ परत वाचायला लावली.' आणि ती वळून आजोबांकडे गेली, त्यांचं बोट धरलं आणि दोघं पायरी उतरली. या वेळी पायरी तिनं सांगितली.

पत्रकबाई खिडकी लावून बाहेर आली. गेटकाका एका फाटकाला कडी घालत होते. 'बघून झालंय मैदान, बाई,' ते म्हणाले. ती म्हणाली, 'माहीत आहे. मी पण एकदा जाऊन येते.' ते खांदे उडवून थांबले. ती वर्गांसमोरून गेली, प्रत्येक दार ढकलून पाहिलं. नळांपाशी गेली. सभागृहामागे वळली. पायऱ्यांवर ऊन होतं, टाकीची सावली भिंतीला चिकटली होती, एका कोपऱ्यात मेळाव्याचा कागदी मुकुट ओला होऊन वाळला होता. कोणी नव्हतं. 'कोणी आहे का?' तिनं विचारलं, आधी हळू, मग मोठ्यानं. आवाज भिंतीपर्यंत जाऊन थांबला. तिकडून गेटकाकांची किल्ल्यांची खुळखुळ ऐकू येत होती, ते तिची वाट बघत होते. ती वळली, चार पावलं गेली आणि पुन्हा थांबली. कोणी नाही म्हणण्याआधी माणसानं किती वेळ थांबायचं, ते तिला माहीत नव्हतं.